हिरवा हायड्रोजन आणि विजेचा हिशेब

पाण्यापासून इंधन आणि खत निर्माण करण्याच्या गोष्टी आता केवळ प्रयोगशाळेपुरत्या राहिलेल्या नाहीत. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस मान्यता दिली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन निर्माण करण्याचे उद्दिष्ट ठेवले. या संकल्पाचे आम्ही स्वागत करतो. तथापि संकल्पाबरोबर हिशेबही मांडला पाहिजे, आणि तो हिशेब पाण्याचा नसून विजेचा आहे.

विजेच्या प्रवाहाने पाण्याचे घटक वेगळे होतात, हे १८०० सालापासून ज्ञात आहे. आपल्या देशालाही ही विद्या नवी नाही. भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विजेवर पाण्याचे विघटन करून मिळालेल्या हायड्रोजनपासून नांगल येथे १९६१ पासून खत तयार होऊ लागले. पुढे शेती व उद्योग यांची विजेची मागणी वाढली, कारखान्याला वीज अपुरी पडू लागली आणि १९७८ च्या विस्ताराच्या वेळी खनिज इंधनतेलाचा आश्रय घेणे भाग पडले. नांगलचा प्रयोग विज्ञानात फसला नाही; तो विजेच्या टंचाईत अडला.

मग आज नवे ते काय? नवे आहे ते विद्युत्-उत्प्रेरणाचे शास्त्र. पाण्याचा रेणू सहजासहजी फुटत नाही. एक किलो हायड्रोजनसाठी तत्त्वतः सुमारे ३९ युनिट वीज पुरेशी आहे; प्रत्यक्षात ५० किंवा त्याहून अधिक युनिटे खर्ची पडतात. वरची वीज बव्हंशी उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विद्युदग्रांवर योग्य उत्प्रेरकाचा लेप असेल तर ही नासाडी कमी होते. प्लॅटिनम आणि इरिडियम हे धातू या कामी उत्तम. परंतु साऱ्या जगात इरिडियम वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघते. म्हणूनच निकेल, लोखंड यांसारख्या स्वस्त धातूंवर संशोधकांची भिस्त आहे. तांब्याचे विद्युदग्र वापरून कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनसारखे इंधन मिळू शकते, हे योशिओ होरी या जपानी शास्त्रज्ञाने १९८५ साली दाखवून दिले. प्लास्टिकच्या धंद्याला लागणारे इथिलीनही त्याच मार्गाने मिळते.

परंतु उत्प्रेरक विजेची बचत करतो. मळलेली वीज निर्मळ करण्याची किमया त्याच्यापाशी नाही. कोळशापासून एक युनिट वीज निर्माण करताना सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या विजेवर काढलेल्या एक किलो हायड्रोजनच्या पाठी ५० किलोंच्या आसपास धूर जमा होईल. नैसर्गिक वायूपासून तोच हायड्रोजन काढला तर हा आकडा दहा किलोंच्या घरात राहतो. सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी घातलेली मर्यादा तर अवघ्या दोन किलोंची आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

हा प्रश्न आम्हा गोमंतकीयांच्या उंबरठ्याबाहेरचा नाही. १९७३ साली सुरू झालेल्या झुआरीनगरच्या खतकारखान्यात अमोनियासाठी आधी नाफ्था आणि नंतर नैसर्गिक वायू वापरला गेला. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या युरियाचे मूल्य असे दूरदेशीच्या तेल-वायूच्या भावाशी बांधलेले आहे. ही बेडी तुटावी, असे कोणास वाटणार नाही? पण गोव्याला लागणारी वीजच मुख्यतः बाहेरून येते. अशा स्थितीत घरातले दिवे आणि कारखान्यातील विद्युदग्रे यांच्यात एकाच विजेसाठी ओढाताण सुरू झाली, तर नांगलचीच पुनरावृत्ती होईल.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हायड्रोजनच्या प्रत्येक कारखान्याबरोबर त्याच्यापुरती नवी सौर वा पवनवीज उभी राहिलीच पाहिजे. ती कोठून आली, किती आली, याचा ताळेबंद जनतेपुढे ठेवला गेला पाहिजे. आणि हा मोलाचा हायड्रोजन सर्वप्रथम जेथे त्याला पर्याय नाही अशा खत-रसायनांच्या कामी लावला पाहिजे. कारखान्याच्या पाटीवर हिरवा रंग फासणे सोपे आहे. तो रंग विजेच्या तारेत उतरला, तरच देशाने वेचलेला पैसा सार्थकी लागेल.