डी-स्तंभातला हत्ती

बुद्धिबळातल्या आक्रमणाचा आढावा घ्यायचा तर अँडरसनपासून सुरुवात करण्याचा रिवाज आहे. १८५१ साली लंडनमध्ये किझेरित्स्कीविरुद्ध त्याने उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन मात केली; १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात मॉर्फीने १७ चालींत डाव संपवला. हे दोन्ही डाव वाचकांना पाठ आहेत, म्हणून मी सरळ १९०७च्या लॉड्झकडे वळतो. रोटलेवीविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना अकिबा रुबिनस्टाइनने जे केले, त्याहून निर्दोष आक्रमण माझ्या मते दुसरे नाही. रुबिनस्टाइन म्हणजे हत्तींच्या अंत्यडावांचा शांत कारागीर आणि हा डाव म्हणजे त्याच्या स्वभावाला अपवाद, असे आपल्याकडचे काही जाणकार आजही लिहितात. ते मला साफ नामंजूर आहे. अंत्यडावात एकेका चालीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसालाच हा डाव सुचू शकतो.

पुरावा पटावरच आहे. पांढऱ्याने वजीर आधी डी-२वर आणि मग ई-२वर नेला, राजाच्या बाजूच्या उंटाला तीन चाली करायला लावल्या. काळ्याची हीच कामे दोन चाली वाचवून झाली. पांढऱ्याच्या पंधराव्या चालीनंतरचा पट मांडून बघा: दोन्ही फौजा आरशातल्यासारख्या समोरासमोर आहेत. फरक इतकाच की काळ्याचा एक हत्ती डी-८वर आलेला आहे आणि चालही काळ्याची आहे. पुढे पांढऱ्याने एफ आणि ई स्तंभांतली प्यादी रेटली आणि स्वतःच्या राजाकडे येणारा कर्ण स्वतःच मोकळा केला. बाविसाव्या चालीच्या वेळी त्याच्या ई-४वरच्या उंटाला दोनच राखणदार होते, सी-३वरचा घोडा आणि ई-२वरचा वजीर. शिवाय त्याच वजिरावर एच-२ सांभाळण्याचाही भार होता. काळ्याने स्वतःचा वजीर मारात ठेवून एका हत्तीने घोडा टिपला. पांढऱ्याने वजीर घेतला, तेव्हा दुसरा हत्ती डी-२वर जाऊन बसला आणि पांढऱ्या वजिराला ई-४च्या राखणीवरून ओढून घेऊन गेला. हा दुसरा हत्ती तोच, तेराव्या चालीला डी-८वर आलेला. पांढऱ्याचे हत्ती किल्लेकोटानंतर जागचे हललेच नाहीत. पंचविसाव्या चालीला काळ्याचा पहिला हत्ती एच-३वर आला आणि रोटलेवीने डाव सोडला.

प्रतिस्पर्धी दुबळा होता, हा आक्षेप टिकत नाही. १९११च्या कार्ल्सबादमध्ये हाच रोटलेवी चौथा आला होता. दुसरा आक्षेप वजनदार आहे: दोन चालींची आघाडी पुष्कळांना मिळते, पण वजीर देण्याची ही कल्पना किती जणांना सुचेल? मान्य, हिशेबाने प्रतिभा येत नाही. पण वजीर द्यायला डी-२वर उतरणारा हत्ती आधी डी-८वर असावा लागतो, आणि ते काम प्रतिभेचे नसून तेराव्या चालीचे आहे.

आज नेमके हेच शिकवायचे राहून जाते. मुलांपुढे बाविसाव्या चालीचा पट ठेवतात आणि ‘काळ्याची चाल, काळा जिंकतो’ असे वर छापतात. इथे काहीतरी दडले आहे, हे सांगूनच टाकल्यावर उरते ती फक्त शोधाशोध. संगणक क्षणात उत्तर देतो, पण पंधराव्या चालीपाशी थांबायला सांगत नाही. प्रशिक्षकांनी हा डाव तिथूनच मांडावा, दोन्ही बाजूंच्या चाली मुलांकडून मोजून घ्याव्यात आणि बाविसावी चाल त्यांना आठवडाभर दाखवूच नये.