एका खोलीतलं विलगीकरण

आष्टा हे सांगली–इस्लामपूर रस्त्यावरचं नगरपालिकेचं गाव. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 37 हजार. मध्ये दाट गावठाण, भोवती उसाचे मळे. 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत ‘रुग्णानं घरातच वेगळ्या खोलीत राहावं, शक्यतो संडासही वेगळा असावा’ असा सल्ला आला, तेव्हा अशा गावाची आपोआप दोन गटांत विभागणी झाली. ज्याचं मळ्यात घर, त्यानं अंथरूण-पांघरूण उचललं आणि तिकडं मुक्काम हलवला. गावठाणात एका खोलीत चारपाच माणसं राहणाऱ्यानं काय हलवायचं?

संसर्गशास्त्राच्या पुस्तकांत मळा सापडत नाही, पण आपल्याकडं तो साथ टाळण्याचा फार जुना उपाय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग आला तेव्हा आष्ट्याचा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता आणि या पट्ट्यात प्लेगनं वर्षानुवर्षं ठाण मांडलं. घरात उंदीर मरून पडू लागले, की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालत. कारण ठाऊक नसताना उपाय मात्र अचूक होता. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडं वळतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये कराचीत दाखवलं, आणि ते शास्त्राच्या गळी उतरायला आणखी काही वर्षं गेली. मधल्या काळात सरकार गटारांत आणि भिंतींवर कार्बोलिक ॲसिड ओतत होतं. घर सोडणारा शेतकरी त्या सरकारपेक्षा विज्ञानाच्या जवळ होता. पण रान असलेला रानात गेला. बिनजमिनीच्या माणसाला तिथंही दुसऱ्याच्या बांधाचा आसरा शोधावा लागणार, हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

हा प्लेग मुंबईतून पसरला. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. माणसं बोटीनं, रेल्वेनं, पायी गावाकडं निघाली आणि साथही त्यांच्याबरोबर दख्खनमध्ये उतरली. फेब्रुवारी 1897 मध्ये सरकारनं साथरोग कायदा केला. प्रवाशांची तपासणी करा, संशयितांना वेगळं ठेवा, आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा करा, अधिकाऱ्याला संरक्षण द्या, असा तो चार कलमांचा कायदा. खर्च कुणी आणि कसा भागवायचा तेही सरकारनंच ठरवायचं. भरपाई आली ती त्या खर्चाच्या कंसात, तीही ‘असल्यास’. कोंडलेल्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीची सोय त्यात नव्हती. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रानं कोरोनासाठी लागू केला तो हाच कायदा, 123 वर्षांचा.

प्लेगनंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. कोंदट वस्त्या पाडून हवेशीर रस्ते आणि घरं बांधायची, ही कल्पना चांगली होती. पाडापाडी झपाट्यानं झाली. गरिबांना परवडणारी घरं मात्र मागे पडली, आणि उठवलेले लोक शेजारच्या चाळींत दाटी करून राहू लागले. गर्दी कमी झाली नाही, तिनं पत्ता बदलला.

मग 1918चा इन्फ्लुएन्झा आला. मुंबई शहरातल्या मृत्यूंची तेव्हाची सरकारी नोंद जात-धर्मवार आहे, म्हणून आज ती आरशासारखी वापरता येते. युरोपीय लोकांत दर हजारी 8.3 मृत्यू. पारशांत 9. ‘इतर’ हिंदूंत 18.9. आणि त्या काळच्या वर्गवारीतल्या ‘खालच्या जातीच्या’ हिंदूंत 61.6. विषाणू एकच, शहर एकच, हवामानही एकच. एवढी तफावत जनुकांतून येत नाही. अन्न, घर आणि आजारपणात अंथरुणावर पडून राहण्याची ऐपत यांतून ती येते. तापानं फणफणलेला माणूस कामावर गेला की न्यूमोनिया त्याला गाठतो, आणि तोपर्यंत त्यानं आणखी चौघांना तो ताप दिलेला असतो.

जुलै 2020 मध्ये मुंबईत पुन्हा मोजमाप झालं. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन प्रभागांत जवळपास सात हजार लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली, बाकीच्या वस्तीत 16 टक्के. मधे अनेकदा एका रस्त्याचंच अंतर.

हे घडतं कसं? एक रुग्ण सरासरी किती जणांना संसर्ग देतो, हा आकडा तीन गोष्टींवर ठरतो: तो किती माणसांच्या सहवासात येतो, प्रत्येक भेटीत संसर्गाची शक्यता किती, आणि तो किती दिवस संसर्ग देत राहतो. टाळेबंदी यातल्या पहिल्या गोष्टीला हात घालते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांना कोंडलं, तर बाहेरच्या भेटी घटतात आणि आतल्या वाढतात. त्यात सार्वजनिक संडास आणि सार्वजनिक नळ. तिथं रोज जावंच लागतं, आणि तिथं सगळ्यांची वाट एकत्र येते.

इमारत पक्की केली की प्रश्न मिटतो, असंही नाही. मानखुर्द-गोवंडीत लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा नावाला. तिथल्या सुमारे दहा टक्के घरांत क्षयरोग आढळला. जवळच्याच, जास्त मोकळ्या बांधणीच्या पीएमजी कॉलनीत हे प्रमाण सुमारे एक टक्का होतं. क्षयाचे जंतू बंद हवेत तासन्‌तास तरंगतात. खिडकीसमोर भिंत बांधणारा नकाशा मंजूर करणं, हा माझ्या मते आरोग्यविषयक निर्णय आहे. सही मात्र बांधकाम विभागाची असते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबईच्या जुलै 2020 मधल्या त्या पाहणीत झोपडपट्टीतल्या बाधितांमागे मृत्यूचं प्रमाण बाकी वस्तीपेक्षा कमी दिसलं. एक मोठं कारण वय: तिथली लोकसंख्या तरुण आहे. काही मृत्यू नोंदीतून निसटलेही असतील. गरिबांची प्रतिकारशक्ती जात्याच दांडगी, असा सोयीस्कर निष्कर्ष तेव्हा दिवाणखान्यांत बराच फिरला. 1918चे आकडे तो मान्य करत नाहीत.

अमेरिकेतल्या दहा महानगरांत मोबाइल फोनच्या हालचालींवरून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रारूप बांधलं. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतले लोक टाळेबंदीत बाहेर पडणं तितकं कमी करू शकले नाहीत, आणि ज्या दुकानांत गेले ती लहान व जास्त गर्दीची होती. म्हणजे तिथंही तेच.

आता आपल्या तालुक्याकडं येऊ. मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या काही जणांपासून एकूण 26 जण बाधित झाले. राज्यभर काळजी पसरली. पण रुग्ण आणि जवळचे संपर्क यांना तातडीनं घराबाहेर, संस्थांमध्ये आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयात हलवलं गेलं, बंद केलेल्या भागात जिन्नस पोचवण्याची व्यवस्था झाली, आणि ती साखळी तिथं तुटली. धारावीतही गाडी रुळावर आली ती याच मार्गानं: शाळा आणि क्रीडासंकुलं विलगीकरणासाठी, सार्वजनिक संडासांची पुन्हा पुन्हा सफाई, दारोदार ताप तपासणी. घरात नसलेली खोली तेवढ्यापुरती सरकारनं दिली. मे महिन्यात गावोगावी परतलेल्या ‘मुंबईकरां’ना झेडपीच्या शाळेत ठेवलं गेलं तेव्हाही तेच झालं, फक्त तिथं सोयीपेक्षा संशय जास्त होता.

ऊसतोडणीच्या टोळ्यांची गोष्ट वेगळी. बीड-नगरकडून आलेले लाखाहून अधिक मजूर त्या मार्चमध्ये राज्यभरातल्या कारखान्यांच्या तळांवर अडकले. कोपीत, म्हणजे एवढ्याशा झोपडीत, विलगीकरण कसलं करणार? एप्रिलच्या मध्यावर त्यांना घरी जायची परवानगी मिळाली. ते दर हंगामात येतात, पण ना इथल्या मतदार यादीत असतात, ना प्रभागाच्या आरोग्य नोंदीत.

पुढच्या साथीत अशी खोली देण्याच्या तयारीसाठी आष्ट्यासारख्या नगरपालिकेला मोठा निधी लागणार नाही. आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघर जातातच. कुणाचं घर एका खोलीचं, कुणाचा संडास सामाईक, कुणाला मळ्यात आसरा नाही, कुणाची चूल रोजच्या मजुरीवर, आणि हंगामात कोप्या कुठं पडतात, एवढी यादी आत्ताच करून ठेवावी. त्या आकड्यावरून शाळेच्या किती खोल्या, किती खाटा आणि किती दिवसांचा शिधा लागेल ते काढता येईल. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला ही यादी आहे का, एवढं विचाराच.