सात पाहुणे आणि पाठीमागचा नंदी

पहाटे 5. पहिला फोन ड्रायव्हरमामांना, दुसरा नांदेडच्या लॉजवर. आज सात पाहुणे: गुरुद्वाऱ्याचं दर्शन उरकलेलं अमृतसरचं चौघांचं कुटुंब, पुण्याचं जोडपं आणि त्यांची मावशी. सातच्या वर मी घेत नाही. औंढ्याचा गाभारा जमिनीखाली, उतरायची वाट अरुंद. आठवा माणूस वरच राहतो, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगा.

सकाळी 6.30. वसमतचा रस्ता. फाल्गुन म्हणजे हळद शिजवायचे दिवस. शेतात कुकर लागलेले, वाफेचा वास गाडीत शिरला तसं मावशींनी "थांबवा हो" म्हटलंच. शेतकऱ्यानं उकडलेलं हळकुंड मोडून दाखवलं. आतून केशरी, हाताला चटका. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे मी सांगितलं, पण ते कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही. दहा मिनिटांचे चाळीस झाले. पाहुण्यांना सगळ्यात आवडतं ते ठिकाण नेहमी माझ्या यादीबाहेरचं असतं.

9. औंढा नागनाथ. देऊळ धर्मराजानं बांधलं असं इथला प्रत्येक फुलवाला सांगतो. मीही सांगतो, पण मग भिंतीशी नेऊन उभं करतो. खालचं अंग काळ्या दगडाचं, कोरीव, यादवकाळातलं. वरचं पांढरं शिखर नंतरच्या जीर्णोद्धाराचं. दोन काळांमधली रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते.

मावशी मेक्सिकोला जाऊन आलेल्या. चिचेन इत्झाच्या पिरॅमिडवर विषुवदिनाच्या सुमारास उन्हाच्या सावलीतून साप उतरताना दिसतो, कुकुलकान त्याचं नाव. "तुमच्या नागनाथाचं तसं काही?" म्हटलं, मावशी, इथं नाग नावात आहे, आणि फिरलं ते देऊळ.

कारण इथला नंदी दारासमोर नाहीच, मागे आहे. गोष्ट अशी: नामदेव समोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांना अडचण झाली, त्यांना मागे जायला सांगितलं. ते मागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी होता तिथंच राहिला. वर्षानुवर्षं मी असंच सांगत आलोय, वर "दंतकथा आहे" अशी पुस्ती जोडून.

अमृतसरचे आजोबा सगळं शांतपणे ऐकत होते. म्हणाले, हे आमच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे. आणि डोळे मिटून भगत नामदेवांचा शबद म्हणायला लागले. मला निम्मा कळला. 'देहुरा' म्हणजे देऊळ, एवढं कळायला पंजाबी यावी लागत नाही. मग त्यांनी हिंदीत समजावलं. त्यात औंढ्याचं नाव नाही. पण कीर्तनाची अडचण झाली असंही त्यात कुठं नाही. शूद्र म्हणून मारून उठवलं, असं नामदेव स्वतः सांगतात.

पुण्याचे साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी नंदीकडे.

12. हिंगोली. चहा, पेट्रोल पंप, पुढं. 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झालेला जिल्हा, एवढं एक वाक्य पुरतं.

दुपारी 1. नरसी नामदेव. इथं दाखवायला कोरीव दगड नाही, आणि नवशिक्या गाईडची तारांबळ उडते ती इथंच. शके 1192, म्हणजे इसवी सन 1270 मध्ये दामाशेटी आणि गोणाईच्या पोटी नामदेव इथं जन्मले असं मानतात. कुणी पंढरपूर सांगतं, कुणी कऱ्हाडकडची नरसी. हा वाद मी गाडीतच उरकतो, उंबऱ्यावर नाही. गावाशेजारून कयाधू वाहते. कयाधू ही प्रल्हादाची आई, आणि गावाचं नाव नरसी. हा योगायोग मला कुठल्याही शिलालेखापेक्षा जास्त आवडतो.

गुरुद्वाऱ्यात पंगतीला बसलो. ग्रंथसाहिबात नामदेवांचे 61 शबद आहेत, पण आज ही माहिती मी द्यायची नव्हती. आजी पुण्याच्या सूनबाईंना घुमानबद्दल सांगत होत्या. गुरदासपूर जिल्ह्यातल्या या गावी नामदेव राहिले, आणि 2015 चं मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं. आजींना संमेलन आठवत होतं ते "बहुत सारे मराठी आए थे" एवढंच. मावशी मला म्हणाल्या, "युकातानमध्ये आमचा गाईड घरी मायाच बोलायचा. लोक त्याला विचारायचे, माया लोक गेले कुठं?"

4. परत. गाडीत सगळे झोपले, मामा आणि मी सोडून.

रात्री 8. हिशोब लिहिला. मग त्याच वहीच्या मागच्या पानावर, जिथं औंढ्याला काय बोलायचं ते पाठांतरासाठी लिहून ठेवलंय, तिथला 'कीर्तनाची अडचण' हा भाग खोडला. नवं वाक्य तीनदा लिहिलं. देवळाच्या दारात उभं राहून, सगळ्यांच्या देखत म्हणायचंय ते.

उद्या पाच जण आहेत. मामांचा फोन आला: "वसमतला थांबणार असाल तर सहालाच निघू."