परंड्याचा भुईकोट आणि गाव

किल्ला म्हटला की उंच डोंगर, अवघड वाट आणि ढगांना भिडलेला माथा डोळ्यांसमोर उभा राहतो. बार्शीहून परंड्यास जाणाऱ्या प्रवाशाला यांपैकी काहीच दिसत नाही. तरीही धाराशिव जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी दक्षिणेतील एक बळकट किल्ला सपाट भुईवर उभा आहे. अशा किल्ल्याला भुईकोट म्हणतात.

डोंगराचा आधार नसताना येथे किल्ला कशासाठी बांधला असेल? परंडा हे प्राचीन ठाणे आहे. जुन्या लेखांतील प्रत्यंडक ते हेच, असे अभ्यासक मानतात. पुढे बहमनी राज्य मोडले आणि अहमदनगरची निजामशाही व विजापूरची आदिलशाही यांच्या सरहद्दी या भागात एकमेकींना भिडल्या. परंडा ज्याच्या हाती, त्याच्या हाती आसपासचा मुलूख आणि त्यातील वाटा, अशी स्थिती झाली. किल्ला बहमनी वजीर महमूद गवान याने पंधराव्या शतकात बांधविला, अशी परंपरा आहे.

डोंगराने जे रक्षण केले असते, ते येथे माणसाला करावे लागले. प्रथम खंदक. त्यामुळे शत्रूला शिड्या लावणे, हत्ती आणून भिडविणे किंवा सुरुंग खणणे कठीण होई. खंदकाच्या आत एक तट, आणि त्याच्या आत दुसरा अधिक उंच तट. बाहेरचा तट पडला तरी आतल्या तटावरून मारा चालू राही. दरवाज्याची वाटही सरळ नाही, ती वळणे घेत जाते. धावत येणाऱ्या हत्तीचा वेग वळणावर मोडतो, हे बांधणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

आत गेल्यावर एक मशीद लागते. तिचे कोरीव खांब मात्र जुन्या देवळांचे आहेत. जवळच नृसिंहाचे मंदिर आहे, हमामखाना आहे, विहीर आहे. अवर्षणाच्या या मुलखात वेढा पडला असता धान्याइतकीच पाण्याची चिंता असे. म्हणून विहिरीपाशी पाहणाऱ्याने थोडे थांबावे. बुरुजांवर अजून मोठमोठ्या तोफा आहेत.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध तोफ मात्र आता येथे नाही. तिचे नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा धनी. ती १५४९ साली अहमदनगर येथे ओतण्यात आली. तिच्या तोंडाशी जबडा पसरलेला सिंह असून त्याच्या दातांत हत्ती सापडला आहे. वजन सुमारे ५५ टन! किल्ला आदिलशाहीकडे आल्यावर १६३२ साली मुरार जगदेव याने ती विजापुरास नेली. आज एखाद्या यंत्राला जे ओझे जड जाईल, ते त्या काळी बैल, हत्ती आणि माणसांनी ओढले. वाटेत नद्या होत्या आणि मऊ काळी माती होती. आजही ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर पाहावयास मिळते.

परंड्याने राजधानीचा मानही भोगला आहे. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली, असेच सर्वांना वाटले असेल. पण मलिक अंबर व इतर सरदारांनी दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसविले आणि काही काळ राज्यकारभार परंड्याहून चालला. १६३४ साली शाहजहानचा पुत्र शुजा वेढा घालून बसला, तेव्हा त्याला रिकाम्या हाताने परतावे लागले. १६६० साली किल्ला मोगलांकडे गेला, तोही लढाईने नव्हे, किल्लेदाराला फितवून. दोन तटांना जे राखता आले, ते एका माणसाने सोडून दिले. पुढे हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला आणि १९४८ साली भारतात सामील झाला.

किल्ला पाहून बहुतेक प्रवासी माघारी फिरतात. खरे तर गाव पाहावयाचे राहूनच जाते. कोटाभोवती शिपाई, कारकून, कारागीर आणि व्यापारी यांची वस्ती होते, आणि तिच्यातील गल्ल्यांना राहणाऱ्यांच्या धंद्यावरून किंवा दैवतावरून नावे पडतात. धंदा बदलला, तरी नाव पुष्कळदा टिकते. ते नाव कोठून आले, हे मात्र म्हाताऱ्या माणसांनाच विचारावे लागते. परंड्यात ख्वाजा बद्रुद्दीन यांचा दर्गा आहे. एकोणिसाव्या शतकात वेदान्तावर मराठीत ग्रंथरचना करणाऱ्या हंसराजस्वामींचा मठही येथेच आहे.

सवड असेल, तर प्रवाशाने तालुक्यातील डोमगावासही जावे. तेथे सीनेच्या काठी समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. कल्याणस्वामींच्या हातची मानली जाणारी दासबोधाची प्रत याच मठात पिढ्यान् पिढ्या जपली गेली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी शंकर श्रीकृष्ण देव यांनी तिच्या आधारे दासबोध छापून प्रसिद्ध केला.