अखेरच्या मिनिटाचा धडा

१५ मे १९७४. ब्रुसेल्सच्या हेसेल मैदानावर युरोपियन चषकाचा अंतिम सामना रंगला होता. एका बाजूस जर्मनीचा बलाढ्य बायर्न म्युनिक, दुसऱ्या बाजूस स्पेनचा आत्लेतिको माद्रिद. नव्वद मिनिटांत एकही गोल झाला नाही. जादा वेळ सुरू झाला. ११४व्या मिनिटाला आत्लेतिकोला फ्री किक मिळाली आणि पस्तीस वर्षांच्या लुईस आरागोनेस यांनी ती घेतली. चेंडू बचावपटूंच्या भिंतीवरून वळत जाळ्यात गेला. गोलरक्षक सेप मायर पाहतच राहिला. चषक हाताशी आला होता. पण अगदी शेवटच्या मिनिटाला बायर्नच्या श्वार्झेनबेकने दुरून चेंडू टोलावला आणि बरोबरी झाली. दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवला गेला, तो बायर्नने ४-० असा जिंकला.

हातातोंडाशी आलेला घास असा हिरावला गेला म्हणजे माणूस एकतर कडवट होतो, नाहीतर शहाणा. आरागोनेस यांचे चरित्र आम्हांला चिंतनीय वाटते ते यासाठी.

माद्रिदलगतच्या ओर्तालेझा येथे १९३८ साली त्यांचा जन्म झाला. १९६४ मध्ये ते आत्लेतिकोत आले. १९६९-७० च्या हंगामात सोळा गोल करून ते स्पॅनिश लीगमधील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत बरोबरीने पहिले ठरले. ब्रुसेल्सच्या पराभवानंतर काही महिन्यांतच क्लबने त्यांच्या हाती प्रशिक्षकपद सोपवले. कालपर्यंत ज्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळले, त्यांनाच आता आज्ञा करायची होती! बायर्नने आंतरखंडीय चषकासाठी खेळण्यास नकार दिल्याने उपविजेत्या आत्लेतिकोला ती संधी मिळाली. अर्जेंटिनाच्या इंदिपेंदिएंतेकडून पहिल्या सामन्यात ०-१ असा पराभव पत्करूनही, एप्रिल १९७५ मध्ये माद्रिदला २-० असा विजय मिळवून त्यांनी चषक जिंकला. १९७७ मध्ये लीगचे विजेतेपदही आले. पुढे अनेक क्लब झाले. परंतु आत्लेतिको दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हा २००१ मध्ये ते परत आले आणि वर्षभरात त्यांनी आपल्या जुन्या घराला पुन्हा वर आणले.

२००४ मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली. १९६४ नंतर या संघाने एकही मोठी स्पर्धा जिंकली नव्हती. २००६ च्या विश्वचषकात फ्रान्सने त्यांना ३-१ असे हरवले. त्यानंतर आरागोनेस यांनी राउलसारख्या लोकप्रिय खेळाडूला वगळले. टीकेचा भडिमार झाला, तरी ते ढळले नाहीत. झावी, इनिएस्ता, सिल्वा या ठेंगण्या, चपळ खेळाडूंवर त्यांनी भिस्त ठेवली. चेंडू जमिनीवरून, छोट्या छोट्या पासांनी खेळवला आणि आपल्याच पायांशी राहिला, तर प्रतिस्पर्ध्याच्या उंचीचा त्याला काय उपयोग? २९ जून २००८ रोजी व्हिएन्नात फर्नांडो टोरेसच्या ३३व्या मिनिटाच्या गोलावर जर्मनीला नमवून स्पेन युरोपचा विजेता झाला. तेव्हा आरागोनेस यांना सत्तरावे वर्ष चालू होते.

येथे एक दोषही नोंदवला पाहिजे. २००४ मध्ये सरावाच्या वेळी आपल्या खेळाडूला चेतवताना त्यांनी फ्रान्सच्या थिएरी आँरी याच्याविषयी वर्णद्वेषी अपशब्द वापरले. ते कॅमेऱ्याने टिपले, देशोदेशी संताप उसळला आणि त्यांना दंड झाला. तो बोलण्याच्या ओघात गेलेला शब्द होता, असे म्हणून आम्ही त्याची तरफदारी करणार नाही. शिकवणाऱ्याच्या तोंडचा शब्द शिकणारे झेलत असतात.

२०१० मध्ये स्पेनने विश्वचषक जिंकला तो देल बोस्के यांच्या हाताखाली, परंतु त्या संघाचा पाया आरागोनेस यांनी घातला होता. १ फेब्रुवारी २०१४ रोजी ते निवर्तले. त्याच वर्षी मे महिन्यात, चाळीस वर्षांनी, आत्लेतिको पुन्हा युरोपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. लिस्बनला रेआल माद्रिदविरुद्ध १-० अशी आघाडी असताना ९३व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि अखेर सामना हातचा गेला. नियतीने जुनाच डाव पुन्हा मांडला. तो पाहण्यास आरागोनेस मात्र उरले नव्हते.

शाळेचा संघ निवडताना आम्हीही वर्षानुवर्षे मुलांना उंचीप्रमाणे उभे करीत आलो. रांगेच्या टोकाची किती मुले आम्ही तशीच घरी धाडली, याचा हिशेब आता मांडता येत नाही. हल्ली आम्ही आधी चेंडू देतो आणि मग मुलाकडे पाहतो.