होम्स फुकट, पण मराठीत नाही!

मागच्या पावसाळ्यात मी एक जाम भारी प्रोजेक्ट हाती घेतलं. शेरलॉक होम्सच्या मराठी गोष्टी आपल्या आवाजात रेकॉर्ड करून नेटवर टाकायच्या. लोकलमध्ये कानात हेडफोन खुपसून उभं राहणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी! कॉनन डॉइल तर १९३० सालीच गेले. म्हणजे सगळं पब्लिक डोमेन. ना कुणाला विचारायचं, ना पैसे द्यायचे. आईच्या कपाटातलं जुनं पुस्तक काढलं, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि रोज रात्री घामाघूम होत सात गोष्टी वाचून टाकल्या.

आठवीच्या आधी मेल आला. अनुवादकाच्या मुलीचा. 'तुम्ही छान वाचता. पण हा अनुवाद माझ्या बाबांचा आहे आणि ते जाऊन पंधराच वर्षं झालीत. एकदा विचारायचं तरी.'

मी गार. मूळ इंग्रजी गोष्ट मोकळी असली तरी तिचा अनुवाद ही कायद्याच्या लेखी वेगळी निर्मिती. तिचा हक्क वेगळा, मुदतही वेगळी. सातही गोष्टी त्याच रात्री डिलीट केल्या.

हिशेब तसा सोपा आहे, बॉस. आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. आधी ती ५० होती. पण रवींद्रनाथ टागोर गेले १९४१ मध्ये, म्हणजे १९९१ संपताना त्यांचं लेखन खुलं होणार. तेवढ्यात मुदतच दहा वर्षांनी वाढली! टागोर मोकळे झाले २००२ मध्ये. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापावी, वाचावी, तिच्यावर नाटक बसवावं. फक्त नव्या आवृत्तीची प्रस्तावना नि चित्रं उचलायची नाहीत, ती नव्या माणसांची. आणि पुलं? ते गेले २००० साली. थांबा २०६१ पर्यंत. तोवर मी रिटायर!

सगळा घोळ त्या शब्दाचाच आहे. पेपरात 'माहिती पब्लिक डोमेनमध्ये आहे' असं येतं, तेव्हा अर्थ एवढाच, की ती सगळ्यांना दिसते. कॉपीराइटच्या भाषेत मात्र अर्थ असा, की तिच्यावर कुणाची मालकी उरलेली नाही. त्यामुळे प्रेझेंटेशनमध्ये फोटो चिकटवताना 'गूगलवर तर होता' हे उत्तर चालत नाही. (चिकटवलेत ना? मीही.)

सध्या मी होम्स स्वतःच मराठीत आणतेय, थेट डॉइलच्या इंग्रजीवरून. त्याला परवानगी लागत नाही, आणि जे उतरेल त्यावर हक्क माझा. दीड गोष्ट झालीये. पहिली त्या बाईंनाच वाचायला पाठवणार आहे. बाबांचा होम्स ऐकत वाढलेल्या माणसाला माझा चालतो का, बघू.