इंजिनाचा श्वास

आपल्याला जगायला हवा लागते, तशी मोटारीच्या इंजिनालाही लागते. पेट्रोलचे पैसे मोजावे लागतात, म्हणून ते आपल्या लक्षात राहते. हवा फुकट मिळते, म्हणून तिचा विसर पडतो. पण जरा हिशेब करून पाहा. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे इंजिन नऊ ते दहा हजार लिटर हवा ओढून घेते!

सिलिंडरमध्ये जेवढी हवा, तेवढेच इंधन जळते. मग लहान इंजिनातून जास्त ताकद कशी मिळवायची? स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी यावर उपाय शोधला आणि १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर पात्यांचे एक चाक फिरते. त्याच दांड्यावर दुसरे चाक असते. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हाच टर्बोचार्जर. मोटारीतला छोटा टर्बो मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. भारतात १९९८ साली आलेल्या टाटा सफारीत टर्बो डिझेल इंजिन होते. आज तर अनेक लहान मोटारींतही टर्बो असतो.

तुम्ही सायकलमध्ये पंपाने हवा भरली असेल. थोड्या वेळाने पंप गरम लागतो, नाही का? हवा दाबली की तापते आणि तापली की विरळ होते. म्हणून टर्बोतून आलेली हवा आधी इंटरकूलरमध्ये थंड करतात आणि मग इंजिनात सोडतात.

आता आपल्या नागपूरचा विचार करा. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांवर जातो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे एक दशांशाने विरळ असते. त्यात रस्त्यावरची धूळ!

समजा, तुमच्या मोठ्या भावाला आपल्या टर्बो गाडीची ताकद वाढवायची आहे. दुकानदार म्हणतो, "मूळ डबा काढा, हा उघडा फिल्टर बसवा." भाऊ तो बसवतो. गाडीचा आवाज वाढतो आणि त्याला वाटते, ताकद वाढली. पण मूळ डब्यात बहुधा समोरून बाहेरची हवा येते. उघडा फिल्टर मात्र बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. सिग्नलवर गाडी थांबली की ती हवा आणखी तापते. शिवाय आजच्या गाड्यांत टर्बोचा दाब संगणक ठरवतो. त्यामुळे नुसता फिल्टर बदलून फारसा फायदा होत नाही. फिल्टर हलका असेल तर बारीक धूळही आत जाते. धुळीतले वाळूचे कण फार कठीण असतात. ते टर्बोची पाती आणि सिलिंडर झिजवतात. थोड्या ताकदीच्या लोभाने सगळे इंजिनच हातचे जाते.

मग करावे काय? गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या वेळी फिल्टर बदलावा. धुळीच्या भागात तो त्याआधीच तपासावा. हवेच्या नळ्या आणि क्लिपा पाहाव्यात. टर्बोच्या आधी नळी फाटली तर धूळ आत शिरते. टर्बोच्या पुढे फाटली तर दाबलेली हवा वाया जाते. इंटरकूलरवरचा चिखल धुवावा. एवढे करूनही बदल करायचाच असेल, तर समोरची थंड हवा घेणारा बंद डबा निवडावा आणि जाणकार मिस्त्रीकडूनच काम करून घ्यावे. बदल कायद्यात बसतो का, हेही आधी विचारावे.

हवेचे तोंड फार खाली मात्र आणू नये. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि नागपुरातील अनेक वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले तर? हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिनातला लोखंडी दांडा वाकतो. म्हणून बुडालेली गाडी कधीही सुरू करू नये. ती ढकलत किंवा ओढून न्यावी.

स्वच्छ, थंड आणि कोरडी हवा हीच इंजिनाची खरी खुराक आहे. मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद नव्हे, हे लक्षात ठेवा.

शब्दार्थ
विरळ – दाट नसलेला
एक दशांश – दहावा भाग
ओसंडणे – भरून बाहेर वाहणे
जाणकार – माहिती असलेला

स्वाध्याय
१. टर्बोचार्जर कोणाच्या जोरावर फिरतो?
२. इंटरकूलर का बसवतात?
३. कारण लिहा : बुडालेली गाडी सुरू करू नये.
४. तुमच्या मोहल्ल्यातील मिस्त्रीला भेटा. एअर फिल्टर कसा तपासतात, ते पाहून पाच वाक्ये लिहा.